सहचर द्रव

रक्ताची भुकटी कुंकवासारखी लाल असेल असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात तिचा रंग विटेच्या चुऱ्यासारखा असतो, आणि तिला वास मुळीच नसतो. आमच्या केंद्रात ती चपट्या, चांदीच्या रंगाच्या पुड्यांमधून येते. पुडीच्या कोपऱ्यातल्या नळीला सहचर द्रवाची पिशवी जोडायची, द्रव थेंबाथेंबाने आत सोडायचा आणि पुडी दोन्ही हातांवर हळूहळू झुलवायची. या कामाला यंत्र होते. मी ते क्वचितच वापरीत असे. भुकटीचा आधी चिखल होतो, मग दाट पाक, आणि मग केव्हातरी, तो क्षण नेमका सांगता येत नाही, त्या पाकात चमक येते. काही जिवंत झाले असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. तांबड्या पेशीला तसाही जीव किती असतो? तिला केंद्रक नाही, वाढ नाही, संतती नाही. ती प्राणवायू वाहून नेते आणि सुमारे चार महिन्यांनी झिजून संपते. तरीही त्या चमकेकडे पाहताना मला दर वेळी उगाचच एकटे वाटत असे.

देवटोल्याच्या सरकारी रुग्णालयातली ही खोली पूर्वी रक्तपेढी होती. मी रुजू झालो तेव्हा दारावरची पाटी बदलून ‘समरक्त केंद्र’ अशी झालेली होती. रक्तदात्यांच्या खाटा वऱ्हांड्यात उभ्या करून ठेवल्या होत्या आणि रक्त जुळवण्याच्या काचनळ्यांवर धूळ बसली होती. वैनगंगेकाठच्या आमच्या तालुक्यात रक्तदानाची शिबिरे बंद पडून बराच काळ लोटला होता. ही गोष्ट ज्यांना अजून पटली नव्हती ते एकटे गणवीर काका. ते अधूनमधून येत आणि दारातच बाही वर करीत.

“काऊन बापू, आज तरी घेता का?”

“काका, आता लागत नाही.”

“लागत नाई म्हंजे? माणसाले रक्त लागत नाई?”

“लागतं. पण ते आता कारखान्यात तयार होतं.”

“अन् माह्यं?”

“तुमचं तुमच्याजवळ असू द्या.”

काका बाही खाली करीत आणि माझ्या टेबलासमोर बसत. “पाय बा, जिंदगीभर देल्लं. हेल्मेट भेटले, छत्र्या भेटल्या, एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाले कुकर भेटला. आता बायको म्हणते, तुमच्या रक्ताले कोणी कुत्रं नाई पुसत.” मग ते स्वतःच हसत. मलाही हसू येई, पण मला लोकांसमोर मोकळे हसता येत नाही. मी पुडी झुलवीत राही.

समरक्ताची युक्ती ऐकायला सोपी आहे. माणसामाणसांच्या रक्तपेशी आतून सारख्याच असतात. वेगळी असते ती त्यांच्या पृष्ठभागावरची ओळख. एकाच्या शरीराला दुसऱ्याची ओळख परकी वाटते आणि ते पेशीवर तुटून पडते. समरक्ताच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात आणि प्रत्येक पेशीभोवती एका लवचीक रेणूचा अतिसूक्ष्म पडदा विणतात. पडद्याआडची ओळख कुणालाच दिसत नाही. गट पाहायला नको, जुळवून पाहायला नको, शीतकपाट नको. पुडी ड्रोनने जंगलातल्या उपकेंद्रात उतरते आणि घटकाभरात शिरेत जाते. अट एकच होती, आणि ती जुन्या रक्ताइतकीच जुनी होती. रक्ताच्या नळीतून सोबत काहीही सोडायचे नाही. कॅल्शियमच्या द्रावणाने रक्त नळीतच गोठते. साखरेच्या पाण्यात पेशी फुगतात, एकमेकींना चिकटतात, फुटतात. रक्ताला चालते ते फक्त मिठाचे पाणी. सहचर द्रव म्हणजे शेवटी थोडे सुधारलेले मिठाचे पाणीच. रक्त संपले, नळी बदलली, की ही अट संपत असे. आम्हा सर्वांना तसेच शिकवले होते, आणि माणसाच्या रक्तापुरते ते खरेही होते.

ज्या एका माणसासाठी हे सारे शोधले गेले असावे असे मला मनातून वाटे, ती माझी थोरली बहीण आम्रपाली. ताईला सिकलसेल. तिच्या स्वतःच्या पेशी प्राणवायू उतरला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकून बसतात. मग हाडांतून अशी कळ उठते की घरातली भांडीसुद्धा आवाज करायला भितात, असे मला लहानपणी वाटे. तिला इतक्या लोकांचे इतक्या वेळा रक्त दिले गेले होते की अखेर तिच्या शरीराने जवळजवळ साऱ्यांच्याच रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून ठेवली. जुळणारी पिशवी मिळेनाशी झाली. नागपूरच्या डॉक्टरांनी नकाराची मान हलवली होती. त्याच सुमारास समरक्त आले.

उन्हाळा सुरू होताना ताईला समरक्ताच्या पुड्या दिल्या. त्या मीच झुलवल्या होत्या. आठवडाभरात तिच्या ओठांना जो रंग आला तो मी तिच्या तोंडावर कधीच पाहिला नव्हता. आणि मग तिने, वयाच्या तिशीत, सायकल शिकायला घेतली.

“सुज्या, मागून धरून राय. सोडशीन त् मारीन.”

“धरलंय.”

“खोटं नको बोलू! आवाज दुरून येऊन रायला तुहा!”

मी खरोखरच सोडले होते. ती विहाराच्या समोरच्या मोकळ्या जागेत एक वाकडी फेरी मारून आली, थेट आमच्या कुंपणात शिरली, आणि पडल्या पडल्या हसत सुटली. आई पदर खोचून धावत आली.

“हाडं मोडून घेते का? एवढी घोडी झाली अन् सायकल खेळते!”

“माय, माह्या अंगात आता कारखान्यातलं रक्त हाये. गॅरंटीवालं.”

“गॅरंटी सांगते मले! थांब, एकदा कळ उठली म्हंजे समजन.”

पण आईच्या आवाजात राग नव्हता. ती ताईच्या कोपरावरची माती पदराने पुसत होती, आणि खरचटलेल्या जागी आलेले लाल थेंब निरखून पाहत होती, एखाद्या पाहुण्याने आणलेली वस्तू पाहावी तसे.

आईला मी दुबळी कधी पाहिले नाही. बाबा गेल्यावर तिने ताईचे आजारपण एकटीने सांभाळले, आणि त्यातून तिने एक धडा पक्का केला होता. कळ उठली की वाट पाहायची नाही. पोरीला उचलायचे आणि बाटली लावून आणायची. हा धडा बरोबर होता. विळ्यासारख्या पेशी अडकतात त्या रक्त दाट झाले म्हणजे. शिरेतून पाणी गेले की कळ ओसरते. आमच्या भागात बाटलीचे महत्त्व त्याहूनही मोठे आहे. लग्नाची धावपळ झाली, धानाची रोवणी आटोपली, परीक्षा जवळ आली, की लोक खाजगी दवाखान्यात जाऊन एक बाटली लावून घेतात. सुनेने सासूला बाटली लावून आणली तर गल्लीत तिचे नाव निघते. बाटलीत जीवनसत्त्वाची सुई मिसळतात, त्याने पाणी पिवळे होते, आणि त्या पिवळ्या रंगावर लोकांचा विश्वास आहे. आत मीठ आहे की साखर, हे कोणी विचारीत नाही.

वैशाखात मला प्रशिक्षणासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागले. परतलो तेव्हा दुपार उलटत होती. आई ओसरीत तांदूळ निवडीत होती आणि तिचा चेहरा समाधानी होता.

“तू नव्हता त् काय झालं माहीत हाये? तुह्यी बहीण उन्हात पार रेल्वेफाटकापर्यंत गेली सायकलनं. आली, अन् पाय धरून बसली. म्या म्हटलं, झालं सुरू. पण म्या वाट नाई पायली. आटोत टाकली अन् झाडे डॉक्टरकडं नेली. मस्त पिवळी बाटली लावली. दुसरीही लावून घेतली, म्हटलं राहू दे अंगात. कळ गेली पाय.”

“ताई कुठे आहे?”

“झोपली हाये. सकाळपासून झोपूनच रायली. थकली असन.”

ताई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी हाक मारल्यावर ती वळली. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग कच्च्या आंब्याच्या फोडीसारखा पिवळट झाला होता.

“सुज्या,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “मायले नको सांगू. मले लघवी काळ्या चहासारखी झाली.”

मी तिला रुग्णालयात आणले. डॉक्टर वाढई आमच्या वैद्यकीय अधिकारी. अंगाने बारीक, बोलण्यात तुटक. रुग्णाच्या खाटेवर बसून बोलायची त्यांची सवय मला आवडे. त्या दिवसपाळी संपवून घरी निघाल्या होत्या, त्या परत फिरल्या. रक्त तपासायला घेतले, आणि नळी स्थिर ठेवल्यावर वरचा द्रव, जो पेंढ्यासारखा फिकट असायला हवा, तो गुलाबी दिसला.

“पेशी फुटतायत,” त्या म्हणाल्या. “कोणत्या, सुजात? तिच्या की आपल्या?”

‘आपल्या’ हा शब्द त्यांनी सहज वापरला. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ताईच्या विळ्यासारख्या पेशी इकडेतिकडे सुट्या होत्या. आणि समरक्ताच्या गोल, देखण्या पेशी एकमेकींना बिलगून झुबके करून बसल्या होत्या.

मी झाडे डॉक्टरांना फोन लावला. ते वयस्कर, भले गृहस्थ आहेत. त्यांनी आमच्या अर्ध्या गावाचे बाळंतपण केले आहे.

“मी विचारलं होतं ना बाबू,” ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. “पहिलं तेच विचारलं, रक्त कधी दिलं? तुझी आई म्हणे, लय दिवस झाले. म्हणून ग्लुकोज लावलं. नवी नळी, नवी सुई. मी चुकलो काय?”

“नाही,” मी म्हणालो. “तुम्ही चुकला नाहीत.”

आणि हेच भयंकर होते. मी केंद्रात आलो, शिल्लक समरक्तातून एक थेंब काचपट्टीवर घेतला, आणि त्याच्या कडेला साखरेच्या द्रावणाचा एक सूक्ष्म थेंब टेकवला. दोन थेंब जिथे भेटले तिथे पडदे आकसले आणि जवळच्या पेशी एकमेकींत गुंतल्या. इतके अपेक्षित होते. मग मी मिठाचे पाणी सोडून ती साखर धुऊन काढली. माणसाचे रक्त असते तर तिथेच सारे थांबले असते. पण इथे ते थांबले नाही. गुंतलेल्या पेशीला जी शेजारीण लागली तिचाही पडदा तसाच आकसला. तिला लागली तिचाही. साखर कधीच निघून गेली होती आणि झुबका वाढत चालला होता. कढईभर दुधात चमचाभर विरजण पडावे आणि सावकाश, कुणाचाही हात न लागता, सारे दूध लागत जावे, तसे. आकसलेला पडदा हाच पुढच्या पडद्याचा साचा होत होता. शिरेत सुईच्या टोकाशी, जिथे बाटलीतले पाणी रक्ताला पहिल्यांदा भेटते, तिथे क्षणभर मिठाचा दुष्काळ पडतो. तेवढा क्षण पुरला होता. एकदा विरजण लागले की ते झुबके बारीक वाहिन्यांत शिरतात आणि चिरडून फुटतात, आणि त्यांना थांबवील असे औषध अस्तित्वात नव्हते, कारण हा आजारच काल-परवापर्यंत अस्तित्वात नव्हता.

समरक्त बनवणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञ बाई संगणकाच्या पडद्यावर आल्या. त्या सौजन्याने बोलल्या. मी पाठवलेले चित्रण त्यांनी लक्षपूर्वक पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“आमच्या चाचण्यांत हे कधीच दिसलं नाही. नळी वेगळी ठेवली की प्रश्न येत नव्हता. पण नुसतं साखरेचं द्रावण, तेही दोन बाटल्या... ती बेशुद्ध होती का?”

“नाही. चालत गेली होती.”

“चालत्या-बोलत्या माणसाला शिरेतून साखरेचं पाणी? कशासाठी?”

मी उत्तर जुळवू लागलो. त्यांच्या चाचण्या जिथे झाल्या त्या मोठ्या शहरांत, मोठ्या रुग्णालयांत, कोणाच्या आईने कोणाला प्रेमाने बाटली लावून आणली नसेल. ही रीत त्यांच्या चाचणीत नव्हतीच. हे एका वाक्यात कसे सांगावे ते मला सुचले नाही. “आमच्याकडे लावतात,” एवढेच मी म्हणालो.

“समरक्त आणखी देऊ नका,” त्या म्हणाल्या. “जेवढं द्याल तेवढं त्या झुबक्यांना खाद्य मिळेल. माणसाचं रक्त मिळतंय का पाहा.”

माणसाचे रक्त. जिल्ह्यात एकाही ठिकाणी त्याची पिशवी नव्हती. नागपूरला चौकशी केली, तिथेही नव्हती. मला आठवले की माणसे स्वतःच रक्ताने भरलेली असतात. मी गणवीर काकांना फोन केला, आणि वाक्य पुरे व्हायच्या आत त्यांनी तो ठेवून दिला.

सकाळी रुग्णालयाच्या आवारात माणसांची रांग लागली. आमच्या वस्तीतली, फाटकापलीकडच्या तेली मोहल्ल्यातली, राईस मिलचे हमाल, कॉलेजच्या मुली, भाजीबाजारातल्या बाया. गणवीर काका सर्वांच्या पुढे, बाही आधीच वर केलेली.

“घे म्हणत होतो त् घेत नव्हता,” ते म्हणाले. “आता घे लायनीनं सगळ्याईचं.”

मी वऱ्हांड्यातल्या खाटा आडव्या केल्या. पण खाटेवर कोणाला घेण्याआधी जुळवणे आवश्यक होते, आणि जुळवण्याचे ते काम मी केवळ पुस्तकात शिकलो होतो. काचनळीत ताईच्या रक्ताचा वरचा द्रव घ्यायचा, त्यात समोरच्याच्या पेशींचा थेंब टाकायचा, ऊब द्यायची, फिरवायचे, आणि मग नळी उजेडात तिरपी करायची. तळाची लाली धुरासारखी वर चढली तर रक्त जुळते. वाळूसारखे कण पडले तर नाही.

काकांच्या नळीत कण पडले.

“पुन्हा पाय,” काका म्हणाले.

मी पुन्हा पाहिले. त्यांनी नळी माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. “एवढ्या लोकाईले चाललं,” ते म्हणाले, “अन् आपल्याच पोरीले नाई.”

मी एकामागून एक नळ्या तिरप्या करीत गेलो. आईच्या नळीतही कण पडले. ज्यांनी लहानपणापासून ताईला आपल्या अंगातले काही ना काही दिले होते, त्या साऱ्यांना तिचे शरीर ओळखून होते आणि नाकारत होते. माझी नळी मी सगळ्यांत शेवटी ठेवली होती. सख्ख्या भावाचे जुळण्याची शक्यता सर्वांत जास्त, हे मला ठाऊक होते, आणि ती शक्यता मला शक्य तितका वेळ शिल्लक ठेवायची होती. मी नळी तिरपी केली. क्षणभर लाली हलली, वर येईल असे वाटले. मग ती दाणेदार होऊन तुटली.

बाहेर रांगेतल्या बायकांनी डबे उघडले होते आणि त्या कॉलेजच्या मुलींना बळेच पोळी खाऊ घालत होत्या, रक्त द्यायचे आहे म्हणून. मी दारात गेलो. गणवीर काकांनीच हात वर करून सगळ्यांना घरी जायला सांगितले.

ताईला प्राणवायू लावला होता. डॉक्टर वाढई येत, हिमोग्लोबिनचा आकडा पाहत, मला दिसेल असे पण तिला दिसणार नाही असे बोट खाली करीत. आई खाटेच्या पायथ्याशी होती. तिला एवढेच सांगितले होते की नव्या रक्तात काहीतरी बिघाड झाला आहे. ती माझा हात धरून मला वऱ्हांड्यात घेऊन गेली.

“सुजात, तुम्ही नुसते पाहून रायले बाबू. काऊन काही लावत नाई? एक बाटली लाव ना. तिले बाटलीनं बरं वाटते. परवा पाय, कशी कळ गेली होती.”

“आई, आता बाटलीचा उपयोग नाही.”

“उपयोग कसा नाई? लहानपणापासून म्याच लावून आणली. तुले काय माहीत हाये? तू त् भेऊन पळून जात होता.” तिचा आवाज फाटला. “तू नाई लावत त् मी झाडे डॉक्टरले बोलावते.”

मी डॉक्टर वाढईंकडे गेलो. त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले. “मिठाचं लाव,” त्या म्हणाल्या. “अगदी सावकाश. जास्त गेलं तर तिच्या हृदयाला झेपणार नाही. आणि त्यानं काही होणार नाही, हे तुला माहीत आहे.”

“मला माहीत आहे.”

मी मिठाच्या पाण्याची बाटली आणली. आईने स्टूल ओढून घेतले आणि ती बाटलीखाली बसली. थेंब पडू लागले तशी तिच्या खांद्यांतली ताठरता उतरली. कोणता थेंब रेंगाळतो, नळीत हवेचा बुडबुडा आला का, सुईच्या जागी सूज येते का, या साऱ्या गोष्टी ती माझ्यापेक्षा चांगल्या जाणत होती. ती मधूनच ताईच्या हाताखालची उशी सरकवी.

“आणखी जोरात सोड ना.”

“नको आई. अशीच चांगली.”

थोड्या वेळाने ती ताईसाठी पाणी गरम करायला गेली. ताईने डोळे उघडले आणि बाटलीकडे पाहिले.

“पिवळी काऊन नाई?” ती म्हणाली. प्राणवायूच्या मुखवट्याआड ती किंचित हसत होती. ती सावकाश बोलत राहिली, एकेका शब्दानंतर थांबत. “त्या दिवशीच्यानं झालं ना? झाडेच्या. दुसरी लावली तेव्हाच मले अंगात कसंतरी होत होतं. पण माय इतकी खूश होती... मी नाई बोलली.”

“ताई, बोलू नकोस.”

“तू तिले सांगू नको. कधीच नको सांगू.”

“नाही सांगणार.”

“अन् सायकल विकू नको. तूच चालव. तुले तरी कुठी नीट येते.”

आई गरम पाणी घेऊन आली. तिने ताईचे तोंड पुसले, मग मान तिरपी करून तिच्याकडे निरखून पाहिले. “पाय,” ती मला म्हणाली, “थोडी लागली नाई बाटली, अन् चेहऱ्यावर तजेला आला.”

“हो, आई,” मी म्हणालो.

ताई दुसऱ्या दिवशी, उन्हे चढण्याच्या वेळी गेली. बाटली अजून अर्धी शिल्लक होती.

सांत्वनाला येणाऱ्या बायकांना आई एकच गोष्ट सांगे. “लावली शेवटी बाटली, पण उशीर केला. पोट्टा शिकलेला, त्याले वाटलं मशिनीनंच माणूस बरं होते. आधीच लावली असती त् वाचली असती माही पोर.” हे ती मी ऐकत असतानाही सांगे. मी पाण्याचे ग्लास पुढे करी. तिचा हा राग माझ्यावर राहिला तर तो दुसरीकडे, तिच्या स्वतःकडे, जाणार नाही, असा हिशेब मी मनाशी केला होता, आणि तो राग मी जपून ठेवीत होतो.

पण मला आणखी एक गोष्ट करावी लागली. आमच्या जिल्ह्यात सिकलसेलची माणसे पुष्कळ आहेत. त्यांतल्या कितीजणांच्या शिरांतून समरक्त फिरत होते, आणि त्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी होते ज्याचा बाटलीवर विश्वास होता. काचपट्टीवरचे ते विरजण मी डॉक्टर वाढईंच्या मदतीने वर कळवले. कंपनीच्या बाईंनी दुजोरा दिला. समरक्त थांबवता येत नव्हते, दुसरे रक्त नव्हते. म्हणून सूचना निघाली. दवाखान्यांना, उपकेंद्रांना, औषधांच्या दुकानांना. मोबाइलवर संदेश फिरले. ते आई वाचीत नाही. मग ठरले की आशाताईंनी घरोघरी जाऊन तोंडी सांगावे. हे ठरले त्या बैठकीला मी हजर होतो. आमची गल्ली वगळा, असे मी म्हणू शकत नव्हतो. आमच्याच गल्लीत खोब्रागड्यांची दोन लेकरे आहेत, आणि दोघांनाही समरक्त दिलेले आहे.

आमच्या गल्लीची आशा कार्यकर्ती पुष्पाताई आमच्याकडे आली ती सकाळी. मी आत कपडे घालीत होतो. आईने तिला ओसरीत बसवले, चहा ठेवला. पुष्पाताई आधी ताईविषयी बोलली, मग म्हणाली, “काकू, तुमच्या घरी सांगाले जिवावर येते, पण सगळ्याईले सांगा म्हणते. समरक्त ज्याईनं घेतलं, त्याईले चार महिने गोडी बाटली लावायची नाई. साखरेची. खारी चालते.”

“गोडी लावली त् काय होते?”

“आतल्या आत रक्त फुटते म्हणते.”

चहा उतू गेल्याचा आवाज आला. कोणी उठले नाही. मी दारात येऊन उभा राहिलो.

“सुजात,” आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, “झाडे डॉक्टरनं लावली ते पिवळी बाटली. ते गोडी होती का खारी?”

“खारी होती,” मी म्हणालो.

“दोन्ही?”

“दोन्ही.”

आईने मान हलवली. हातातली बशी तिने जमिनीवर ठेवली, पुन्हा उचलली. मग वळून ती माझ्याकडे पाहू लागली. इतक्या दिवसांत प्रथमच तिच्या नजरेत राग नव्हता, आणि राग नसलेली ती नजर मला सहन होईना.

“मंग कायनं गेली रे माही पोर?” तिने विचारले. “सांग ना. तू त् शिकलेला हायेस.”